‘कशावर ऐकणार?’ विचारणारे गुलाबचंदभाऊ

गुलाबचंदभाऊंची आणि माझी पहिली भेट माझ्या फजितीची आहे. अमळनेरच्या महाविद्यालयात शिकवत असताना गावोगाव केलेली माझी भाषणे एका छोट्या प्लेअरमध्ये भरून घ्यावीत, म्हणून मी जळगावला त्यांच्या दुकानात गेलो. “उत्तम दर्जात भरा,” मी बजावले. भाऊंनी दोन मिनिटे भाषण ऐकले आणि कानावरचा हेडफोन काढून म्हणाले, “सर, तुम्हाला हलकी फाइल चालेल. एवढं ओरडताय, की निम्मा आवाज गेला तरी धुळ्यापर्यंत ऐकू येईल!” दुकानातली गिऱ्हाइके हसली. मीही हसलो, आणि तिथेच बसलो. तो जो बसलो, तो आजपर्यंत. भाऊ आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत.

तो काळ गाणी ‘भरून घेण्याचा’ होता. मेमरी कार्ड नखाएवढे, प्लेअर काड्यापेटीएवढा, आणि येणाऱ्या प्रत्येकाचा एकच प्रश्न: “किती बसतील?” फाइल लहान करायची तर आवाजातला काही भाग टाकून द्यावा लागतो, हे कोणाच्या गावी नव्हते. भाऊ उलट विचारायचे, “कशावर ऐकणार?” ट्रॅक्टरवर म्हटले तर हलकी फाइल, इंजिनच्या आवाजात बारकावे कोण ऐकतो? कानाला लावून ऐकणार म्हटले तर जड फाइल, मग गाणी कमी बसोत. त्यांच्या भावांची डाळमिल आहे. भाऊ सांगत, “टरफल काढलं की डाळ होते. पण घासतच राहिलात तर हातात चुरी येते.” राजस्थानातून आलेल्या व्यापारी घराण्यातला हा माणूस गाणे विकत नव्हता, ऐकणाऱ्याची चौकशी करत होता. जास्त म्हणजे चांगले, या आपल्या काळाच्या आंधळ्या भक्तीविरुद्ध मी व्यासपीठांवरून घसा फोडला. भाऊंनी तेच काम काउंटरमागे बसून केले.

पण अशा माणसाचीही एकदा चूक झाली. ती इथे सांगायलाच हवी, असा खुद्द भाऊंचा आग्रह आहे.

पिंप्राळ्यातल्या सुमनताई एक जुनी कॅसेट घेऊन आल्या. श्रावणात कानबाई देवीपुढे म्हणायची गाणी त्यांच्या आईने गायलेली, आणि वडिलांनी, म्हणजे आबांनी, घरीच टेप केलेली. आई गेली होती. आबा धुळ्याला अंथरुणाला खिळलेले. “भाऊ, मना बापले एकच बटन दाबता येस,” ताई म्हणाल्या. “मायना बठ्ठा गाना यामा बसाडी द्या.” आईची सगळी गाणी बसवायची, आणि त्यांनी आणलेला प्लेअर अगदी लहान. भाऊंनी जीव ओतून काम केले. गाण्यांमधली खोकल्याची उबळ, भांड्यांचे आवाज, मधली बोलाचाली असे सगळे कापून काढले, फाइली हलक्या केल्या आणि खरोखर सगळी गाणी बसवली.

माझे धुळ्याला भाषण होते. भाऊ म्हणाले, मीही येतो, आबांना प्लेअर माझ्या हाताने देतो. एसटीने आम्ही दोघे गेलो. ताई आधीच पोहोचल्या होत्या. आबांनी बटण दाबले. एक गाणे झाले, दुसरे झाले. आबांचा चेहरा हलेना. मग म्हणाले, “गाना ते शेतस. पन ती कोठे शे?” गाणी तर आहेत, पण ती कुठे आहे?

भाऊंनी प्लेअर परत खिशात घातला. परत जाताना एसटीत ते म्हणाले, “सर, मी कशावर ऐकणार ते विचारलं. कोणाला ऐकणार ते विचारलंच नाही.”

त्यांनी कॅसेट पुन्हा लावली. या वेळी काही कापले नाही, आवाज घासला नाही. निम्मीच गाणी मावली. ताई रडकुंडीला आल्या, “अर्धी गाणी गेली ना भाऊ!” भाऊ म्हणाले, “गेली नाहीत, माझ्याकडे जपून आहेत. आबांना जे पाहिजे ते आधी देऊ.”

दुसऱ्यांदा धुळ्याला गेलो तेव्हाही मी सोबत होतो. टाळ्या आता टाळ्यांसारख्या वाजत होत्या, बांगड्या वेगळ्या ऐकू येत होत्या. गाणे ऐन रंगात असताना आई एकदम थांबली आणि टेप करणाऱ्या नवऱ्यावर करवादली: “चहा थंडा व्हई राहिना ना, पी ल्या आधी! टेप काय पयी जाई का?” टेप काय पळून जाणार आहे?

आबा अंथरुणातून घाईघाईने उत्तरले, “पेस वं, पेस!” पितो गं, पितो. आणि हसले. ताईंनी उठून खरोखरच चहा टाकला.

आज खिशातल्या फोनमध्ये जगातली सगळी गाणी बसतात आणि एकही धड ऐकले जात नाही. भाऊंचे दुकान आता मुलगा पाहतो. भाऊ मात्र रोज येऊन बसतात आणि फोनवर गाणे अर्धवट सोडणाऱ्या पोरांना खडसावतात. अलीकडे त्यांच्या चाहत्यांनी ठरवले, की भाऊंच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. अवश्य ठेवा. पण माझे ऐकाल तर, घाई करू नका. भाऊंनी तब्येत सांभाळावी, शंभरी गाठावी, आणि त्यांचा आवाज आम्हाला कोणत्याही यंत्रातून नव्हे, समोर बसून, रागावलेला, मध्येच खोकणारा, असाच पुष्कळ वर्षे ऐकायला मिळावा.