दसऱ्याला कापलेलं गवत
आंब्याची पेटी उघडली की सुक्या गवताचा वास येतो आणि मला माझा चुलतभाऊ आठवतो. कातळसड्यावरचं, गावावरच्या खडकाळ पठारावरचं गवत बी झडल्यावर, म्हणजे दिवाळीनंतरच कापायचं, हा आमचा रिवाज. त्याने सलग दोन वर्षं ते दसऱ्यालाच फुलांसकट कापलं, माझ्या हद्दीतही वीस पावलं घुसून. अडवलं तर चारचौघांत हसला, “म्हशी काय फुलां खातत, रे?” तिसऱ्या वर्षी त्याच्या बाजूला गवत धड उगवलंच नाही. वैशाखात तो दारात आला, “म्हस उपाशी आसा रे.” मी म्हटलं, “तीस भारे दितंय. पण तीन वर्सां तुझ्या सड्याक विळो लागता नये.” तीन वर्षं तो विकतचा पेंढा माझ्या ओट्यासमोरून वाहत राहिला. आता त्याच्याही बाजूला फुलं येतात. ती बघायला मी त्याला दरवर्षी मुद्दाम बोलावतो.