ड्रायव्हर आत बसलाय

हा फोटो कोणी निवडला?

शहरात द्वारका चौकात दिलीपभाऊंच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. आधार कार्डावरचा फोटो ओढूनताणून मोठा केलाय. डोळे वटारलेले, मान आखडलेली, गालावर वरून रंग फासलेला. माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करायचा की पोलिसांनी पकडून आणलाय?

निखिल, तुझे वडील गेलेत म्हणून मी गप्प बसणार नाही. वीसेक वर्षं त्र्यंबकला फोटोचा धंदा करते. वाईट फोटो मला लांबूनसुद्धा टोचतो.

आणि फोनवर मला म्हणतोस काय, "मावशी, पप्पांचा हसरा फोटोच नाहीये कुठे."

आहे. माझ्याकडे आहे.

कसा आला ते ऐक. भाऊ नुसते "द्वारकेचे कॉम्प्युटरवाले" म्हणून ज्यांना माहीत होते त्यांनीपण ऐका.

माझे मिस्टर गेले आणि देवळाजवळचं फोटोचं दुकान माझ्या गळ्यात पडलं. माझी शाळा चौथीत सुटलेली. समोरचा हारवाला मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, "बाईला कॉम्प्युटर झेपणार हाय का?"

दीर तर सरळ म्हणाले, "हा श्रावण बघू. नाही जमलं तर दुकान मी घेतो."

आणि ऐन श्रावणी सोमवारच्या तोंडावर दुकानातलं कॉम्प्युटरचं मशीन बसलं. कायमचं.

यात्रेकरू थांबत नसतो. दर्शन झालं, फोटो काढला, लगेच हातात पडला तर ठीक. नाहीतर तो गाडीत बसून गेला. मशीन नाही म्हणजे दुकान नाही.

द्वारकेच्या दुकानात दिलीपभाऊंनी नवीन मशीन जुळवायला घेतलं. सकाळीच त्यांचा फोन.

"ताई, ड्रायव्हर नाहीये. त्याच्यावाचून सगळं अडलंय."

"एवढंच ना? पाठवते."

आणि मी आमच्या गल्लीतल्या रघूला जीप घेऊन धाडला.

हसू नका. मला वाटलं मशीन तयार आहे, फक्त आणून द्यायला माणूस नाही.

रघू दुकानात जाऊन उभा. "ताईंनी धाडलंय. ड्रायव्हर पाहिजे व्हता ना?"

दुसरा कोणी असता तर आजूबाजूचे दुकानदार गोळा करून हसला असता. भाऊ म्हणाले, "बरं झालं आलात. बसा, चहा घ्या. अजून एक ड्रायव्हर यायचाय, मग निघू."

रघू चहा संपवून विचारतोय, "तो दुसरा कुठं राहिला वो?"

खरी भानगड वेगळीच होती. मशीन नवं, विंडोजची सीडी जुनी. सीडी घातली की निळा पडदा यायचा आणि हार्डडिस्कच सापडत नाही असं सांगायचा. डिस्क तर समोर बसवलेली! पण तिची ओळख पटवणारी फाइल त्या सीडीवर नव्हती. त्या फाइलीला ड्रायव्हर म्हणतात. ती फ्लॉपीवरून द्यायची, आणि नव्या मशीनला फ्लॉपीची फटच नाही.

मग भाऊंनी अख्खी सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवली, ड्रायव्हर तिच्यातच मिसळला आणि नवी सीडी बनवली. फसली. परत बनवली. तीपण फसली. परत.

मला नंतर म्हणाले, "मीठ पिठातच मळावं लागतं, ताई. भाकरीवर भुरभुरून चालत नाही."

संध्याकाळी रघूच्या जीपमधून मशीन आलं. त्याला धरून भाऊ बसलेले.

जोडलं. चालू झालं. सीडी माझ्या हातात ठेवली. तिच्यावर मार्करने लिहिलेलं,

"ड्रायव्हर आत बसलाय."

मी सीडीकडे बघितलं, रघूकडे बघितलं, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मिस्टर गेल्यापासून तशी हसले नव्हते.

भाऊ म्हणाले, "परत बिघडलं तर मला बोलवायचं नाही. डिस्कचे दोन भाग केलेत, सी आणि डी. ही सीडी घालायची आणि सी पुसायचा. फोटो सगळे डीमध्ये. डीला हात लावायचा नाही."

"आणि मला नाही जमलं तर?"

"तर फोन करा. मी फोनवरच ओरडतो."

दुसऱ्याने ती सीडी स्वतःकडे ठेवली असती. दरवेळी मी हात जोडत द्वारकेला जायचं. भाऊंनी किल्लीच देऊन टाकली.

यात्रेकरूंच्या कॅमेऱ्याच्या कार्डातून व्हायरस यायचे. मी सीडी घालायची, स्वयंपाक होईपर्यंत मशीन परत उभं. दीर दुकानाचं नाव काढायचे बंद झाले. हारवाला एक दिवस स्वतःच्या घरचा कॉम्प्युटर उचलून आला. "वहिनी, आमचा पण बघता का?"

झेपलं बाईला.

आता फोटो.

त्याच संध्याकाळी प्रिंटर तपासायला कोणाचा तरी फोटो हवा होता. भाऊ म्हणाले, "माझा नको, दाढी वाढलीये."

मागून रघू ओरडला, "घ्या काढून, भाऊ! तो दुसरा ड्रायव्हर तुम्हीच हाय ना?"

भाऊ तोंड उघडून हसले. मी बटण दाबलं.

दाढी वाढलेली, शर्टावर धूळ, खिशात स्क्रू ड्रायव्हर. आणि ते हसू. निखिल, तू जन्मलास तेव्हा असेच हसले असतील.

सी मी कितीदा पुसला ते देवाला माहीत. डीला हात लावला नाही. मशीन अजून चालू आहे. फोटो आत बसलाय.

शुक्रवारी दहावा आहे. त्याच्या आत चौकातला फ्लेक्स उतरव. नवा मी छापून आणते.

गुरुवारी दुपारपर्यंत मला उत्तर पाहिजे. नाही म्हणायचं असेल तर तोंडाने कारण सांग. या पोस्टखाली हात जोडल्याचं चित्र टाकून पळू नकोस.

बाकी सगळ्यांनी श्रद्धांजली वाहिली. मी थांबलेय.

मी ती हसऱ्या फोटोखाली लिहीन, भाऊ.