माझ्या नावावरची ओळ

भोसरीतल्या त्या कंपनीत मी सहा वर्षं होते. कारखान्यांत पत्रा दाबून आकार देणारे मोठे प्रेस चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. कोड एकच, पण तो तीन ठिकाणी चालायला हवा: ऑफिसातल्या विंडोजवर, लिनक्स सर्व्हरवर आणि प्रेसला बसवलेल्या छोट्या कंट्रोलरवर. कंपायलर प्रत्येक फाइल त्या त्या यंत्राच्या भाषेत उतरवतो आणि लिंकर सगळे तुकडे जोडून अख्खा प्रोग्राम तयार करतो; याला आम्ही बिल्ड म्हणायचो. या दोघांनी काय चालवून घ्यायचं आणि कुठे अडून बसायचं, हे सांगणाऱ्या सेटिंग्ज माझ्या ताब्यात होत्या. त्या फाइलमधला बदल फक्त माझ्या लॉगिनवरून व्हायचा.

हे काम मला शिकवलं आमच्या टीम लीडनी. ते उदगीरकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचे. पिंपळे सौदागरला आमच्या सोसायट्या शेजारीशेजारी, त्यामुळे येणं-जाणं त्यांच्याच गाडीतून. लिंकरच्या लांबलचक एररला मी सुरुवातीला घाबरायचे. ते म्हणायचे, "शेवटची ओळ नको वाचू, पहिली वाच. खाली नुसता आरडाओरडा असतो." सख्ख्या भावानं एवढं सांभाळून घेतलं नसतं.

वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी दोन दिवस रजा घेतली. दिघीच्या दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत असताना दादांचा फोन आला.

"अगं, बिल्ड अडकलाय. संध्याकाळपर्यंत चाकणला नवीन व्हर्जन द्यायचंय. तुझा पासवर्ड दे, परत सुरू करून बघतो फक्त."

पासवर्ड देणं नियमात बसत नव्हतं. पण दादांना नाही कसं म्हणणार? मी दिला. रजेवरून परतल्यावर बिल्ड नीट चालू दिसला, म्हणून मी सेटिंग्ज उघडूनही पाहिल्या नाहीत. ही चूक माझीच.

पुढच्या आठवड्यात चाकणच्या त्या कारखान्यात, सकाळच्या शिफ्टला, आमच्या सॉफ्टवेअरवरचा प्रेस वेळेत थांबला नाही. दाब वाढत गेला, पडद्यावर मात्र कमीच दिसत राहिला. शेवटी प्रेसमधला साचा, म्हणजे डाय, फुटली आणि लोखंडाचा तुकडा ऑपरेटरच्या खांद्याला घासून गेला.

मीटिंगला कारखान्याचे दोघं, आमचे मॅनेजर, दादा आणि मी. कारण सापडलं होतं. नव्या आणि जुन्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांत, दाब वाचणारं एकाच नावाचं फंक्शन होतं, एक नव्या सेन्सरसाठी, एक जुन्यासाठी. असं दिसलं की लिंकर थांबतो; थांबायलाच हवा. पण सेटिंग्जमध्ये कुणीतरी एक ओळ घातली होती: एका नावाची दोन सापडली तर तक्रार करू नकोस, जे आधी सापडेल ते घे. विंडोज आणि लिनक्सवर नवं आधी सापडलं, म्हणून आमच्या सगळ्या चाचण्या पास. कंट्रोलरवर लायब्ररींचा क्रम उलटा होता, तिथे जुनं लागलं आणि नव्या सेन्सरचा दाब कमी वाचत राहिलं.

त्या ओळीशेजारी माझं नाव होतं.

"बिल्डच्या सेटिंग्ज ह्याच बघतात," दादा शांतपणे म्हणाले. "घाईत झालं असेल. माणूस आहे, चुकतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते लॅपटॉपकडे पाहत होते. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, आपणच केलं असेल, विसरलो असू. दादा कशाला खोटं बोलतील?

दुसऱ्या दिवशी मॅनेजर मला माफी मागायला चाकणला घेऊन गेले. तो ऑपरेटर तिथल्याच जुन्या गावचा, पन्नाशीचा. खांद्यावर पट्टी, तरी कामावर आलेला.

"दाब वाढला की भोंगा वाजंल म्हनून थांबलो व्हतो," तो म्हणाला. "वाजलाच न्हाई. तुमी केलं व्हय ते?"

मी हात जोडले.

ऑफिसात परतल्यावर मी बदलांची नोंद पुन्हा उघडली. आदल्या दिवशी नावापुढची तारीख-वेळ पाहिलीच नव्हती. मंगळवार, सकाळी अकरा चाळीस. त्या वेळी मी दिघीत होते.

चहाच्या टपरीवर मी दादांना गाठलं.

"तुम्ही तर फक्त परत सुरू करणार होता ना?"

त्यांनी नाकारलं नाही. "काय करू मग? वरून फोनवर फोन. म्हटलं, तू आलीस की नीट करशील."

"मला सांगितलंत कुठे?"

"राहून गेलं."

"आणि मीटिंगमध्ये?"

"माझं प्रमोशन आलंय तोंडावर. तुझं अजून वय आहे गं. तुला कोण काय करणार?"

मी तशीच मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटेल, राग येईल, असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तुझी रजा मीच मंजूर केली होती ना. मीटिंगमध्येच लक्षात आलं माझ्या. पण समोरच्यांना एक नाव हवं होतं, आणि तुझं लिहिलेलंच होतं."

जुन्या फंक्शनचं नाव बदलून, ती ओळ काढून मी तिन्ही ठिकाणचा बिल्ड नव्यानं केला. बदलासोबत कारण लिहायचं असतं. मी लिहिलं: 'ही ओळ माझ्या लॉगिनवरून घातली गेली तेव्हा मी रजेवर होते. पासवर्ड मी टीम लीडना दिला होता, ही माझी चूक. ओळ माझी नाही.' मॅनेजरांनी ते पुसायला सांगितलं. मी राजीनामा दिला, पण पुसलं नाही. निघण्याआधी सुट्टीच्या दिवशी बसनं चाकणला जाऊन त्या ऑपरेटरलाही घरी गाठून खरं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग त्या दिशी का बोलला न्हाईत?" त्या दिवशी मी नोंद नीट तपासलीही नव्हती, हे मी कबूल केलं.

दादांना प्रमोशन मिळालं. मला चिंचवडमध्ये दुसरी नोकरी मिळाली, काम तेच. त्यांच्या बायकोशी माझी वेगळी मैत्री होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती फोन करायची, "का गं, इतक्यात घरी येत नाहीस?" दोनतीनदा मी कामाचं निमित्त सांगितलं. मग तिचेही फोन उचलणं सोडून दिलं. तिचा काय दोष होता? पण तिच्याशी बोलायचं तर एक तर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर तिच्या नवऱ्याबद्दल खरं. दोन्ही मला जमलं नाही.