राणीचा पाय

सुनेनं माझ्या गुडघ्याला हळद-चुन्याचा गरम लेप लावला आणि त्या वासानं मी लोधीपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात पोचले.

स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं, मीही नवी नवरी होते. यांच्या टांग्याची घोडी, राणी, नाल निघून पाय मुरगळल्यानं लंगडत होती. तिला टांग्यातून सोडून हे तिचा पाय तळहातानं चाचपत होते, कुठे गरम लागतो ते बघून लेप लावत होते. "बस राणी, होईल बरं." माझ्याशी इतकं मऊ कधी बोलले नव्हते! जळफळून मी घागर उचलली आणि मुद्दाम लंगडत समोरून गेले.

मान वर न करता यांनी विचारलं, "तुझीपण नाल निघाली का?"

हे जाऊन वर्षं झाली. आता मी खरंच लंगडते. त्या हातांचा लेप कसा लागायचा, ते त्या घोडीलाच ठाऊक.