पेढ्याला हाक मारायची नाही

"आत्या, एवढंसं पिल्लू हाय. थंडीनं गारठंल की."

"कोकरं गारठत्यात का? मग ह्यो कसा गारठंल? ठिव त्याला कोकरांत."

बनाबाईच्या हाताखालून आजवर एकोणीस कुत्री गेली, पण एकालाही तिनं मांडीवर घेतलेलं कुणाला आठवत नव्हतं. पिल्लू भाकरी चाटायला लागलं की ती त्याला मेंढीच्या लोकरीनं खसाखसा पुसायची, म्हणजे वासानं मेंढ्या बुजत नाहीत. मग जाळीच्या आत कोकरांमध्ये सोडून द्यायची. दोन दिवस नुसतं कुंईकुंई. तिसऱ्या दिवशी पिल्लू कोकराच्या पोटाला पोट लावून झोपलेलं असायचं. खाणंही तिथंच. ताकात कुस्करलेली भाकरी थाळीत ओतायची आणि मागं न बघता निघायचं. कुत्र्याला वाटलं पाहिजे, आपलं घर म्हणजे ही मेंढरं. माणसं काय, येतात आणि जातात.

हे सगळं तिनं नव्या सुनेला, स्वप्नालीला, बजावून सांगितलं होतं. स्वप्नाली भिगवणची. बापाचं हायवेला चहाचं हॉटेल. मेंढरू तिनं लग्नानंतरच जवळून पाहिलं. ती 'व्हय आत्या, व्हय आत्या' म्हणत राहिली आणि पदराखालून पिल्लाला खारी चारत राहिली. वर नावही ठेवलं, पेढ्या. रंगावरून.

वर्षभरात पेढ्या वासराएवढा झाला. छाती रुंद, आवाज भारदस्त. पण ताट वाजलं रे वाजलं की मेंढरं सोडून हा स्वप्नालीच्या पायांत.

तेव्हा बनाबाईचा वाडा, म्हणजे मेंढरांचा फिरता तळ, वडगाव निंबाळकरला बागायतदार आबासाहेबांच्या मोकळ्या रानात बसला होता. लेंडीखत पडावं म्हणून त्यांनीच दीडशे मेंढरं बसवून घेतली होती. पेढ्याची दौड त्यांनी बांधावरून पाहिली आणि पोट धरून हसले.

"बनाबाई, ह्ये कुत्रं राखणीचं हाय का पंगतीचं?"

बनाबाईच्या जिव्हारी लागलं. तिच्या कुत्र्याला आजवर असं कुणी बोललं नव्हतं.

"मला द्या त्याला. बंगल्याच्या दारात शोभून दिसंल."

"फुडच्या रविवारी न्या," ती म्हणाली. "सोमवारी आमी इंदापूरच्या माळाला निघणार. तितं तर लांडगं लईच हायती. पाव्हणा घिऊन काय करू?"

दुसरी कुत्री चिमी होती, पण तिचे दात झिजले होते.

आबासाहेब गेल्यावर स्वप्नाली चुलीपुढं येऊन बसली. "आत्या, चूक माझी हाय. त्याला कशाला घालवताय? आठ दिस द्या मला."

"चूक तुजी, पर खोड त्याला लागलीया." बनाबाईनं भाकरी उलटली. "माजा तांबड्या हुता. असाच लाडावल्याला. मीच लाडावला, नवी हुते तवा. लांडगा समोर आला आन् मला भ्या वाटलं. मी हाक मारली, 'तांबड्या!' त्यानं वळून माज्याकडं बघितलं. तेवढ्यात लांडग्यानं मान धरली. गळ्यात खिळ्यांचा पट्टा बी न्हवता."

"मग?"

"मग काय. कालवण ढवळ, करपंल."

दुसऱ्या दिवसापासून पेढ्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा आला आणि कोकरांच्या जाळीत लांब दोरी. स्वप्नालीनं चूल रानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. भाकरी न्यायची, ओतायची, फिरायचं. पेढ्या ओरडायचा, दोरी ताणायचा.

"आत्या, तो बगतोय माज्याकडं."

"बगू दे. तू कशाला बगतीस?"

"मी न्हाय बगत."

"मग तुला कसं कळलं?"

पाचव्या दिवशी दोरी सैल पडली. सातव्या दिवशी, शनिवारी, बनाबाईनं ती सोडली आणि स्वप्नालीला बरोबर घेऊन मेंढरं ओढ्यापलीकडच्या माळावर चारायला नेली.

ऊन कलत होतं. आधी चिमी गुरगुरली. मग मेंढरं एकदम गोळा झाली आणि बोरीच्या झुडपामागून लांडगा बाहेर आला. घाई नाही, गडबड नाही, बाजाराला आल्यासारखा.

पेढ्या पुढं गेला. चार पावलांवर थांबला आणि मान वळवून त्यानं स्वप्नालीकडं पाहिलं.

बनाबाईच्या घशात हाक आली. तीस वर्षांपूर्वीचीच. तिनं दात आवळले. पोरीचं तोंड उघडलेलं तिला दिसलं, आणि दुसऱ्या क्षणी पोरीनं पदराचा बोळा तोंडात कोंबून लांडग्याकडं, कुत्र्याकडं, सगळ्याकडं चक्क पाठ फिरवली.

"आत्या," बोळ्याआडून आवाज आला, "काय चाललंय? सांगा की!"

"गप उभी ऱ्हा. अजून तुज्याकडंच बगतोय."

"आता?"

"आता मेंढरांकडं बगितलं. फिरला. गेला म्होरं."

"लांडगा?"

"हाय. दोगं बी उभं हायती. चिमी बाजूनं गेली. बाई गं, काय केस उभं केल्यात पेढ्यानं!"

"आत्या, लागंल त्याला!"

"लागंल न्हायतर न लागंल. वळू नगंस!"

पेढ्याचं भुंकणं माळभर घुमलं. लांडग्यानं एक फेरी मारली, दुसरी मारली. दोन्ही वेळा मधे पेढ्याच. मग तो आला तसाच, घाई न करता, ओढ्यात उतरून गेला.

"गेला," बनाबाई म्हणाली. "वळ आता."

स्वप्नाली वळली. पेढ्या तिच्याकडं आलाच नाही. तो मेंढरांभोवती फिरून एकेकीला हुंगत होता.

रविवारी सकाळी आबासाहेब साखळी घेऊन आले. बनाबाई मेंढरांत बसली होती आणि पेढ्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"कुठाय आमचा पाव्हणा? आन् ह्ये काय, लाड?"

"गोचिडी काढतीया," ती मान वर न करता म्हणाली. "स्वप्नाली, ताट वाजीव गं!"

रानाच्या त्या टोकाला ताट खणखणलं. पेढ्याचा एक कान हलला. डोकं जागचं हललं नाही.

आबासाहेबांनी साखळी गुंडाळून खिशात घातली. "बरं, मग च्या तरी पाजा."

"पाजती की." बनाबाईनं पेढ्याचा दुसरा कान उलटा केला. गोचीड एकही नव्हती. तरी ती बराच वेळ शोधत राहिली.