कुसावहिनीचा तीन दिवसांचा घट

माझी थोरली वहिनी कुसाबाई हिने सायखेड्याच्या आमच्या घरात सेहेचाळीस वर्षं नवरात्राचा घट बसवला. पाटावर माझा भाऊ रंगनाथ बसायचा, पण तो नावाला. वावरातली माती आणून चाळायची ती, धान्य निवडायची ती. कुंभाराकडून घट घेताना तो पाझरणारा आहे ना, हे तीच बघायची. घटातलं पाणी हळूहळू पाझरतं आणि तेवढ्याच ओलीवर भोवतीच्या मातीतलं धान्य उगवतं. वरून पाणी घालायचं नसतं.

रंगनाथ गेल्या वर्षी चैत्रात गेला. त्या वर्षी घट बसला नाही. यंदा घट बसायच्या आदल्या दिवशी वहिनी माती चाळायला बसली, तेव्हा तिचा मुलगा महेश मोबाइल घेऊन आला. तो अंबडला कारखान्यात सुपरवायझर आहे.

"आई, यंदा तू हात लावू नको. घट सवाष्णीनं नाहीतर पुरुषानंच बसवायचा असतो. शास्त्रात आहे."

"कोणत्या शास्त्रात?"

"ग्रुपवर प्रवचन आलंय. मोठे महाराज आहेत."

"तुझे वडील पाटावर बसून पेंगायचे, ते चाललं व्हय शास्त्राला?"

सून साधना हसली. महेशने बघितल्यावर आत निघून गेली. वहिनीने चाळणी खाली ठेवली आणि हात झटकून उठली. मी ओट्यावरच बसलो होतो. मी काही बोललो नाही, याचा राग मला अजून आहे.

प्रवचनात तांब्याचा कलश सांगितला होता, म्हणून महेशने तांब्याचा ठेवला. तांबं पाझरत नाही. मग तो सकाळ-संध्याकाळ भोवतीच्या मातीवर तांब्याभर पाणी ओतू लागला. वहिनी दारातून बघायची. घटावर रोज एक माळ चढते, ती मात्र तिच्याच हातची चालत होती. पहाटे वावरातला झेंडू तोडून, ओवून ती माळ उंबऱ्याशी द्यायची आणि महेश आत नेऊन बांधायचा. हे कोणत्या शास्त्रात बसतं, ते त्याने सांगितलं नाही.

पाचव्या माळेला देवघरात वास सुटला. धान्य कुजलं होतं.

"आई, खरं सांग. तू हात लावलास ना?"

"मी उंबरा तरी ओलांडला का?"

"मग असं कसं होईल? आपल्या घरात आजवर कधी झालं नाही."

तेव्हा मी बोललो.

"पाणी तू ओतलंस. आईला काय विचारतोस?"

"नाना, तुम्हाला शास्त्रातलं काय कळतं?"

खरंच कळत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी नदीकाठच्या देवळातल्या म्हाताऱ्या गुरुजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून पोथी काढली.

"दोन्ही मतं आहेत," ते म्हणाले. "कोणी म्हणतं विधवेनं बसवू नये. या पोथीत मात्र देवीच्या नवरात्राचा अधिकार सगळ्यांना आहे. बाई असो, पुरुष असो, कोणत्याही जातीचा असो. नऊ दिवस नाही जमले, तर सप्तमीपासून तीन दिवस बसवावा, असंही आहे."

"मग महेशचं खोटं?"

"खोटं नाही. त्याला हवं तेवढं त्याने घेतलं."

"हे तुम्ही चारचौघांत का नाही सांगत?"

"कोणी विचारत नाही," असं म्हणून त्यांनी पोथी फडक्यात बांधली. मला त्यांचाही राग आला. गावातल्या किती बायका देवघराच्या दारात उभ्या राहिल्या असतील, आणि उत्तर यांच्या फडक्यात बांधलेलं.

संध्याकाळी मी वहिनीला सगळं सांगितलं. तिने लगेच धान्य भिजत घातलं.

सप्तमीला सकाळी महेश उंबऱ्याशी आला. "आई, माळ?"

"ज्या हाताचा घट चालत नाय, त्या हाताची माळ कशाला? साधनाला ओवू दे."

मग ती मातीची टोपली घेऊन पडवीतल्या माझ्या खोलीशी आली. "भाऊजी, जागा हाय का?"

मी ट्रंक बाजूला ओढली, पाट मांडला.

"बसा तुम्ही पाटावर," ती म्हणाली. सेहेचाळीस वर्षांची सवय.

"नाही वहिनी. तुम्ही बसा."

ती पदर सावरून बसली. तेवढ्यात महेश दारात आला.

"नाना, एका घरात दोन घट? हे चालतं का?"

"तुझ्या ग्रुपवर विचार," मी म्हणालो. वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. मातीच्या घटात पाणी भरून तिने त्यावर विड्याची पानं मांडली, नारळ ठेवला आणि स्वतः ओवलेली माळ बांधली.

दसऱ्यापर्यंत धान्य जेमतेम बोटाच्या पेराएवढं वर आलं होतं. आमच्याकडे ते तुरे दसऱ्याला टोपीत खोचतात. वहिनीने पहिला तुरा स्वतःच्या अंबाड्यात खोचला, दुसरा माझ्या टोपीत. महेश बराच वेळ ओट्यावर घुटमळला, मग येऊन डोकं वाकवून उभा राहिला. माफी त्याने मागितली नाही. वहिनीने त्यालाही तुरा दिला.

मी दिला नसता.