पाह्यलं का मोजलं?

"पाह्यलं का मोजलं?"

वहीत आकडा लिहून नेला की मामा आधी हेच विचारायचे. मग कानामागे खोचलेला चिमटा काढून हातात द्यायचे. "बस. पुन्हा मोज."

मामा आमच्या कॉलेजात कंत्राटी प्रयोगशाळा सहायक होते. त्याआधी जालन्यात बियाणे कंपनीत होते. कॉलेजात रोज बदनापूरहून रेल्वेने यायचे. बियाण्याची उगवण तपासायची म्हणजे ओल्या कागदावर मक्याचे शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून उबदार कपाटात ठेवायची, सातव्या दिवशी उगवलेले मोजायचे. धड रोप वेगळं, अधू वेगळं. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपायचं.

"मामा, ब्याण्णव लिहू का? नेहमी तेवढेच येतात," मी एकदा म्हणालो.

"लिही की. मंग तीर्थपुरीला तुझ्या बापाच्या वावरात निम्मं उगवलं न्हाई, तर त्याला सांग, नेहमीचाच आकडा लिहिलाय म्हणून."

मी पुन्हा मोजले. एक्क्याऐंशी भरले.

शेवटच्या वर्षी कॉलेजने कौशल्य अभ्यासक्रम घेतला. कंपनी मुलाखतींना येणार होती. प्रशिक्षक म्हणून मामांपुढे प्रमाणपत्रांसाठी साठ नावांची यादी आली. त्यांनी अकरा नावांपुढेच सही केली.

"मामा, पोरांच्या नोकरीचा प्रश्न आहे," प्राचार्य म्हणाले.

"म्हणून तर, सर. बाकीच्यांनी गुंडाळी उघडून न्हाई पाह्यली. पंधरा दिवस द्या, बराबर शिकवतो."

पंधरा दिवस कुणाकडेच नव्हते. "म्हातारा आडवा येऊन राह्यला," म्हणत पोरांनी तक्रार लिहिली. मी तिच्यावर सही केली नाही. पण मामांच्या बाजूनेही बोललो नाही. माझं नाव अकरांत होतं.

मामांचं कंत्राट संपवलं. उरलेल्या सह्या दुसऱ्याने केल्या.

असा एखादा माणूस तुमच्याही कॉलेजात असेल. तो गेल्यावरच आपण त्याच्या टेबलाकडे बघतो.

मुलाखतीत साहेबांनी माझं प्रमाणपत्र बाजूला सारलं आणि उघडी गुंडाळी, चिमटा पुढे ठेवला. मी मोजत गेलो. निवडलेले सगळे त्या अकरांतलेच निघाले.

मी तसाच प्रयोगशाळेत गेलो. शिपाई म्हणाला, "मामा? ते अंकुशनगरला गेले ना. कारखान्याच्या गेटवर राखणीला बसतात आता."

कपाटात त्यांची शेवटची गुंडाळी तशीच होती. वर पेन्सिलीने लिहिलेलं : मोजणी, सोमवार. तो सोमवार कधीच होऊन गेला होता.

मी ती उघडली. रोपं वाळून कागदाला चिकटली होती. धड कोणतं, अधू कोणतं, काही ओळखू येत नव्हतं. कपाटात राहिलेला त्यांचा चिमटा हातात घेऊन मी तिथेच उभा राहिलो.